स्कीइंग शिकायचंय? आधी उताराकडे झुकायला शिका

स्की पायात अडकवून पहिल्यांदा उतारावर उभं राहिलं की अंग आपोआप मागे रेलतं. शेवाळलेली वाट असो, निसरड्या पायऱ्या असोत, आयुष्यभर आपण हेच केलेलं असतं, घसरायला लागलं की मागे व्हायचं आणि जमल्यास बूड टेकायचं. स्कीवर नेमकं हेच चालत नाही. मागे रेललात की स्कीचा पुढचा भाग हलका होतो, बर्फाला धरतच नाही, मग वळता येत नाही, थांबता येत नाही आणि स्पीड मात्र वाढतच जातो. म्हणजे भीतीने केलेली हालचाल भीती आणखी वाढवते. मी पहिले दोन दिवस असाच जीव मुठीत धरून मागे बसल्यासारखा घसरत होतो, मांड्या पेटायच्या, आणि वाटायचं हा आपला प्रांत नाही. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्याने एवढंच सांगितलं, नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाब, बाकी काही करू नकोस. तिथून गाडी रुळावर आली. खाली जे काही लिहिलंय ते सगळं फिरून फिरून याच एका गोष्टीवर येणार आहे, त्यामुळे आत्ताच सांगून ठेवतो.

आधी नावांचा गोंधळ मिटवू

आपण सरसकट डाउनहिल स्कीइंग म्हणतो, पण या खेळाचं रीतसर नाव अल्पाइन स्कीइंग. डाउनहिल हा त्यातलाच शर्यतीचा एक प्रकार, सगळ्यात वेगवान. अल्पाइनची खूण सोपी आहे, बुटाची टाच स्कीला घट्ट लॉक असते. सपाटीवर चालत जायच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये फक्त बुटाचं पुढचं टोक अडकवलेलं असतं आणि टाच मोकळी उचलते. टाच बांधलेली की मोकळी, एवढ्या एका फरकावर दोन वेगळे खेळ उभे राहिलेत.

सुरुवात मोकळ्या टाचेनेच झाली. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातला सोंद्रे नॉरहेम हा पठ्ठ्या विलोच्या लवचिक फांद्या पिळून टाचेमागून पट्टा घ्यायचा, त्यामुळे वळताना, उडी मारताना स्की पायातून निसटायची नाही. 1868 मध्ये क्रिस्तियानियाला, म्हणजे आताच्या ऑस्लोला, झालेल्या स्पर्धेत त्याने लोकांना तोंडात बोट घालायला लावलं. पण आल्प्सचे उतार नॉर्वेपेक्षा उभे, तिथे ते तंत्र अपुरं पडायला लागलं. मग ऑस्ट्रियात मातियास झ्दार्स्कीने एकच लांब काठी घेऊन उभ्या उतारावर कंट्रोलमध्ये उतरायची पद्धत बसवली आणि 1905 मध्ये लिलिएनफेल्डला फाटकांमधून, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून, वळत जायची शर्यत घेतली. त्याच्यानंतर हानेस श्नायडरने ऑस्ट्रियातल्याच आर्लबर्गमध्ये नवशिक्यांना पायरीपायरीने शिकवायची पद्धत आणली, आधी नांगरासारखा व्ही, मग अर्धवट वळण, मग दोन्ही पाय जोडून वळण. आजही जगभर स्की स्कूलमध्ये साधारण हाच क्रम चालतो.

स्की राहू द्या, आधी बूट बघा

नवीन माणूस भाड्याच्या दुकानात गेला की स्कीचे रंग बघत बसतो. खरं म्हणजे सगळं घोडं बुटापाशी अडतं. तुम्ही पाय वाकडा केला आणि बुटाच्या आत पाय सैल असला तर ती हालचाल स्कीपर्यंत पोचणारच कशी? मी पहिल्यांदा आरामदायक वाटतात म्हणून एक साईझ मोठे बूट घेतले आणि दिवसभर आतल्या आत टाच वर-खाली होत राहिली. घट्ट वाटतील म्हणून घाबरलो होतो आणि शेवटी सैल बुटांनीच जास्त दुखलं, कारण सैल असला की पाय आतून बोटं वळवून बूट पकडायला बघतो आणि तळव्याला पेटके येतात.

स्की बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी, 26.5 म्हणजे साडेसव्वीस सेंटीमीटर. घरी भिंतीला टाच लावून कागदावर खूण करा आणि मोजून जा. बुटाचं आतलं मऊ अस्तर निघतं, ते काढून नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा, एक-दोन बोटं मावली तर बरोबर, तीन मावली तर तो बूट परत द्या. मग अस्तर घालून पाय आत, उभ्याउभ्याच टाच जमिनीवर दोनदा आपटायची म्हणजे ती मागच्या खोबणीत बसते, आणि आधी वरचे बकल लावायचे, नडगीवरचे, नंतर पावलावरचे, तेही हलकेच. आता ताठ उभं राहिलात तर बोटं पुढे किंचित लागतील, आणि गुडघे पुढे वाकवले की मागे सरकतील. तसं झालं तर बूट तुमचा. मोजा एकच जोडी, पातळ, आणि बुटात मोज्याशिवाय दुसरं काहीही नको. थर्मलची किनार खोचलीत तर संध्याकाळी नडगीवर तिचा ठसा उमटलेला दिसेल आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी बूट लागला की ब्रह्मांड आठवेल.

बुटाचा कडकपणा फ्लेक्सच्या आकड्यात लिहितात. शिकणाऱ्यांना साधारण 60 ते 90 च्या दरम्यानचे बरे, वजन आणि ताकद बघून. 120-130 चे रेसिंगवाल्यांसाठी, ते नवशिक्याला वाकवताच येत नाहीत, आणि बूट वाकला नाही की माणूस मागे रेलतो, परत तेच रडगाणं.

स्कीबद्दल थोडक्यात. उभी धरली की छाती-हनुवटीपासून नाकापर्यंत येईल अशी घ्या, मधली रुंदी 70 ते 80 मिलिमीटर. स्की टोकांना रुंद आणि मध्ये बारीक असते, ती कडेवर कलंडवून दाबली की धनुष्यासारखी वाकते आणि आपोआप गोलाईत जाते. त्या गोलाईची त्रिज्या स्कीवर छापलेली असते, 12-14 मीटर लिहिलं असेल तर ती पटकन वळणारी. 1990 च्या दशकात असा कमरेत बारीक आकार सगळीकडे आला, त्याआधीच्या सरळ, लांबलचक स्की वळवायला लोकांचा घाम निघायचा. तेव्हा जुनी स्की कोणी फुकट देत असेल तरी भिंतीवर टांगा, पायात घालू नका.

बाइंडिंग म्हणजे बूट धरून ठेवणारा साचा, आणि पडल्यावर तो बूट सोडतो म्हणून गुडघा वाचतो. पुढचा भाग पिळ पडला की बाजूला सोडतो, मागचा टाच वर ओढली की. किती जोराला सोडायचं तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती आक्रमक स्कीइंग करता यावरून तक्त्यात बघून टेक्निशियन लावतो. इथे वजन खोटं सांगू नका. दहा किलो कमी सांगितलंत तर साध्या वळणावर स्की निघून जाईल, आणि मित्रांसमोर शायनिंग मारायला स्वतःला एक्स्पर्ट म्हणवून घेतलंत तर पडल्यावर ती निघणारच नाही.

काठ्या, म्हणजे पोल, माप घेण्यापुरत्या उलट्या धरायच्या, मूठ खाली आणि हात टोकाजवळच्या चकतीच्या खाली, कोपर काटकोनात आलं की उंची बरोबर. हेल्मेट घ्याच. गॉगलही घ्याच, कारण उंचीवर दर 1,000 मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत तुमच्या तोंडावर फेकतो. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही सनस्क्रीन लावा, हसू नका, तिथेही भाजतं. आतला थर सुती नको, घामाने भिजला की वाळत नाही आणि लिफ्टवर बसलं की हुडहुडी भरते.

जायच्या महिनाभर आधी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं आणि एका पायावर उभं राहायचं, रोज दहा मिनिटं. मांड्या तयार असल्या तर निम्मं काम झालं.

पहिला दिवस, सावकाश

बूट घालून आधी नुसतं चाला. रोबोटसारखं वाटेल, टाच आधी टेकवत चाललं की जमतं. मग सपाट जागा शोधा. स्की अडकवायच्या आधी बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काढायचा, बाइंडिंगच्या पुढच्या कडेवर तळ घासा किंवा पोलने ठोका. नव्वद टक्के नवशिके इथे पाच मिनिटं झगडतात, स्की का लागत नाही म्हणून वैतागतात, आणि तळाला रुपयाएवढा बर्फाचा गड्डा चिकटलेला असतो. आधी बुटाचं पुढचं टोक खाचेत, मग टाच खाली दाबायची, खट्ट असा आवाज आला पाहिजे. उतारावर असाल तर स्की उताराला आडव्या ठेवा आणि खालच्या बाजूची स्की आधी लावा, नाहीतर दुसरी लावेपर्यंत पहिली तुम्हाला घेऊन निघेल.

आता एक शब्द पक्का करा, फॉल लाइन. चेंडू सोडला तर तो ज्या रेषेत घरंगळेल ती फॉल लाइन. स्की त्या रेषेला आडव्या असतील तर तुम्ही थांबलेले, रेषेत असतील तर सुटलेले. स्पीडचा सगळा खेळ या कोनाचा आहे. चढताना आडवं उभं राहून एकेक पाऊल बाजूला टाकत, स्कीची वरची कड बर्फात रुतवत चढायचं. तसं वीसेक पावलं चढलात की धाप लागेल आणि कड म्हणजे काय तेही पायाला कळेल.

उभं कसं राहायचं? पाय कमरेइतके लांब, घोटे-गुडघे-कंबर तिन्ही थोडे वाकलेले, हात पुढे, जणू समोर मोठा ट्रे धरलाय आणि तो आपल्याला दिसत राहिला पाहिजे. नजर लांब, स्कीच्या टोकांकडे बघू नका, ती कुठे पळून जात नाहीत. आणि नडगी बुटाच्या जिभेवर. गुडघे वाकवणं म्हणजे खुर्चीत बसणं नव्हे, घोटा वाकला पाहिजे. खुर्चीत बसलात की वजन टाचेवर गेलं.

पहिली घसरण अगदी हलक्या उतारावर आणि पुढे सपाट जागा असेल तिथे, म्हणजे थांबायचं काम उतारच करेल. ते जमलं की स्नोप्लाऊ. स्कीची टोकं जवळ, मागची शेपटं लांब, वरून बघितलं तर इंग्रजी ए अक्षरातल्या दोन तिरक्या दांड्या, म्हणजे उलटा व्ही. टाचा बाहेर ढकलल्या की आतल्या कडा बर्फावर घासतात आणि ब्रेक लागतो. जितका व्ही मोठा तितका ब्रेक जास्त. टोकं एकमेकींवर चढू देऊ नका, चार बोटांचं अंतर ठेवा. हे वीस-पंचवीस वेळा करा, हवं तिथे थांबता येईपर्यंत, आणि तोवर वरच्या उताराकडे ढुंकूनही बघू नका. मित्र म्हणतील चल रे काही होत नाही. होतं.

पडणं येणारच, तेही शिकून घ्या. तोल गेलाच तर बाजूला, कुल्ल्यावर पडा, हात मागे टेकवू नका. पडायला लागल्यावर सावरायचा हट्ट धरू नका आणि घसरत असताना उठायला तर अजिबात जाऊ नका, मागे बसलेल्या अवस्थेत एका स्कीवर सगळं वजन येऊन ती आत वळली की गुडघ्यातला लिगामेंट जातो, तो क्लासिक प्रकार. पोलचा पट्टा मनगटात अडकलेला असताना हातावर पडलात तर अंगठा मुरगळतो, इतका नेहमीचा प्रकार की डॉक्टर त्याला स्कीअरचा अंगठाच म्हणतात. उठायचं असं: आधी पूर्ण थांबा, स्की खालच्या बाजूला आणा, उताराला आडव्या करा, कडा रुतवा, मग वरच्या बाजूच्या हाताने जमिनीला रेटा देत वजन पावलांवर आणा. स्की आडव्या न करता उठलात तर उठताक्षणी पुन्हा निघाल, आणि हे मी इतक्या वेळा केलंय की सांगायला लाज वाटते.

वळण, म्हणजे खरी गंमत

स्नोप्लाऊमध्ये हळू सरकताना उजव्या पायावर वजन टाका. तुम्ही डावीकडे वळाल. डाव्यावर टाका, उजवीकडे वळाल. खांदे फिरवायचे नाहीत, हात हलवायचे नाहीत, फक्त वळणाच्या बाहेरच्या पायावर उभं राहायचं. ऐकायला सोपं आहे, पण मन उलट सांगतं. वळताना बाहेरची बाजू म्हणजे दरीकडची बाजू, तिकडे वजन टाकायचं म्हणजे पोटात गोळा येतो, म्हणून आपण डोंगराकडे झुकतो, वजन आतल्या पायावर जातं आणि बाहेरची स्की पकड सोडून सटकते. ज्या दिवशी तुम्ही हिय्या करून खालच्या पायावर उभे राहता त्या दिवशी स्की पायाखाली रुळासारखी धरते, तो फरक तळव्याला जाणवतो. सरावाला एक युक्ती आहे, वळताना आतल्या पायाची शेपटी जराशी उचलून बघायची. उचलता आली तर वजन बरोबर ठिकाणी आहे, नाही आली तर आहातच तुम्ही डोंगराला मिठी मारून.

इथून पुढे क्रम असा लागतो. आधी उताराला तिरकं जायचं. मग साइडस्लिप, म्हणजे स्की आडव्या ठेवून कडा थोड्या सैल करायच्या आणि आडवं आडवंच खाली घसरायचं, कडा रुतवल्या की थांबायचं. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात, आणि चुकून अवघड उतारावर पोचलं की सहीसलामत खाली आणतं ते हेच, म्हणून दिवसातून पाच-सात मिनिटं कराच. मग वळणाची सुरुवात छोट्या व्हीने आणि शेवट दोन्ही स्की समांतर, आणि स्पीडची सवय झाली की तो व्ही आपोआप गळून पडतो, त्यालाच पॅरलल टर्न म्हणतात. पोल इथे कामाला येतो, नवं वळण सुरू करताना खालच्या बाजूला हलकेच टेकवायचा, तालासाठी. आणि वळण पूर्ण करा. अर्धं वळून घाईघाईत पुढचं घेतलं की प्रत्येक वळणाला स्पीड साठत जातो. गोल फिरून स्की जवळपास आडव्या होऊ द्या, स्पीड उतरेल, मग पुढचं वळण.

लिफ्टची भीती बऱ्याच जणांना उतारापेक्षा जास्त असते. सरकत्या पट्ट्यावर नुसतं उभं राहायचं. टी-बारवर बसायचं नाही, ती दांडी मागून ढकलते, बसलात की फतकल. चेअरलिफ्टला पोलचे पट्टे मनगटातून काढा, एका हातात घ्या, मान वळवून येणारी खुर्ची बघा, बसा, दांडी खाली घ्या. उतरताना स्कीची टोकं वर, जमीन लागली की उभं राहून सरळ घसरत पुढे निघून जा, तिथेच रेंगाळू नका, मागची खुर्ची येतेच आहे. पहिली चेअरलिफ्ट 1936 मध्ये अमेरिकेत सन व्हॅलीला सुरू झाली, त्याआधी बहुतेक ठिकाणी लोक चढून जायचे आणि दिवसात मोजक्याच फेऱ्या व्हायच्या.

रंग आणि नियम

युरोपात उतारांना हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग, उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा आणि डबल काळा हिरा. लाल रंग अमेरिकेत नाहीच. आणि हे रंग त्या त्या डोंगरापुरते असतात, एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणच्या लालसारखा निघू शकतो, त्यात दुपारी बर्फ विरघळून रात्री गोठला की सकाळी हिरवाही काचेसारखा. नवीन ठिकाणी पहिली फेरी एक रंग खालची घ्या.

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे दहा नियम 1967 पासून आहेत, भांडण कोर्टात गेलं तर तेही बघितले जातात. त्यातला मुख्य एवढा लक्षात ठेवा, पुढे असलेल्या माणसाचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याला पुढचं दिसतं, पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून रस्ता निवडायची जबाबदारी मागच्याची. थांबायचं तर कडेला, अरुंद जागी किंवा उंचवट्याच्या खाली आडोशाला नाही. निघताना वर बघायचं. अपघात झाला तर मदत करायची आणि नाव-पत्ता द्यायचा, चूक कोणाचीही असो.

आता प्रकार, आपल्याला कुठलं झेपेल ते बघा

पॅरलल जमल्यावर बहुतेक जण आधी कार्व्हिंगकडे वळतात. स्की घासत न वळवता कडेवर कलंडवून तिला स्वतःच्या गोलाईने जाऊ द्यायचं, मागे बर्फात रुळासारख्या दोन बारीक रेघा उमटतात. वळून आपल्या रेघा बघा, पंख्यासारखा पुसट पट्टा दिसला तर अजून घासताय. कार्व्हिंगला रुंद, सारखा केलेला, रिकामा उतार हवा, कारण स्पीड येतो.

रेसिंगमध्ये चार मुख्य प्रकार. स्लॅलममध्ये फाटकं जवळजवळ, वळणं छोटी, स्की आखूड, पुरुषांची कमीत कमी 165 सेंटीमीटर, आणि स्पर्धक नडगी-मुठीने खांब आडवे करत जातात. जायंट स्लॅलममध्ये अंतर वाढतं, सुपर-जीमध्ये आणखी, आणि डाउनहिलमध्ये पुरुषांची स्की कमीत कमी 218 सेंटीमीटरची. पहिल्या दोन्हींत दोन फेऱ्यांचा वेळ जोडतात, बाकी दोन्हींत एकच फेरी, काय ते एकदाच. 1936 च्या ऑलिंपिकमध्ये अल्पाइनला पहिल्यांदा जागा मिळाली, तीही डाउनहिल आणि स्लॅलम मिळून एकच पदक. ऑस्ट्रियात किट्झब्यूएलची श्ट्राइफ आणि स्वित्झर्लंडमध्ये वेंगेनची लाउबरहॉर्न या डाउनहिलच्या दोन पंढऱ्या. लाउबरहॉर्न जवळजवळ साडेचार किलोमीटरची, तिथे 2013 मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेने ताशी 161.9 किलोमीटरचा स्पीड गाठला. तुम्ही-आम्ही हे टीव्हीवर बघायचं. पण शिकायला म्हणून स्लॅलमची दोन-चार फाटकं जरूर करून बघा, कारण वळायची जागा दुसऱ्याने ठरवली की आपल्या सगळ्या चोरवाटा बंद होतात. स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कच्या 86 वर्ल्ड कप विजयांचा विक्रम 2023 मध्ये मोडणारी अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन दिसली तर तिचा वरचा अर्धा भाग बघा, पाय इकडून तिकडे जातात आणि खांदे जागचे हलत नाहीत.

मोगल्स म्हणजे बर्फाचे टेंगळांसारखे उंचवटे. सारखी वळणं घेऊन घेऊन ते उतारावर आपोआप तयार होतात. इथे गुडघे म्हणजे गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर, टेंगळावर चढताना वाकवायचे, पलीकडे उतरताना लांब करायचे म्हणजे स्की बर्फ सोडत नाही. स्पर्धेत 60 टक्के गुण वळणांना, 20 उड्यांना आणि 20 वेगाला, 1992 पासून ऑलिंपिकमध्ये पदक आहे. गुडघ्याची जुनी तक्रार असेल तर लांबूनच नमस्कार.

फ्रीस्टाइलवाले पार्कात, म्हणजे उड्या आणि रेलिंग मुद्दाम बांधलेल्या उतारावर असतात, रेलिंगवर घसरणं, उड्या, उलटंही घसरणं, म्हणून त्यांच्या स्की दोन्ही टोकांना वळलेल्या. हाफपाइप (अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या घळीतला खेळ) आणि स्लोपस्टाइल (रेलिंग आणि उड्यांची रांग) 2014 ला ऑलिंपिकमध्ये आले, बिग एअर (एकच मोठी उडी) 2022 ला. चौघं-चौघं एकदम सुटून एकमेकांना मागे टाकतात तो स्की क्रॉस 2010 पासून. पार्कात जायचं तर सगळ्यात छोट्या उडीपासून, आणि उतरायच्या जागी कोणी पडलेलं नाही याची खात्री करूनच.

फ्रीराइड, म्हणजे आखलेल्या उताराबाहेरचा अस्पर्श बर्फ, हे बऱ्याच जणांचं स्वप्न असतं. स्की रुंद, मध्ये 100 मिलिमीटर किंवा जास्त, टोकं वर उचललेली म्हणजे तरंगते. दोन्ही पायांवर वजन जवळपास सारखं ठेवायचं, एकावर टाकलं की ती बुडते. पण इथे हिमस्खलन आहे. 30 ते 45 अंशांचे उतार, म्हणजे स्कीइंगला ज्यांची सगळ्यात मजा येते तेच, सगळ्यात जास्त सुटतात. बर्फाखाली गाडलेला माणूस जिवंत निघायची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने कोसळते, म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत खेळ संपलेला असतो, वाचवणारे तुमच्यासोबतचेच. म्हणून प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), फावडं आणि शोधकाठी, तिन्ही वापरायचा सराव, त्या दिवसाचा हिमस्खलनाच्या धोक्याचा आकडा वाचलेला, आणि वाटाड्या. आधी कोणी गेल्याच्या खुणा दिसल्या म्हणून जागा सुरक्षित होत नाही, स्कीच्या खुणा स्खलनाला दिसत नाहीत.

लिफ्टशिवाय स्वतः चढून जायचं ते स्की टूरिंग. स्कीच्या तळाला एका दिशेने केसाळ असलेली पट्टी लावतात, पुढे सरकते, मागे अडते. चढताना टाच मोकळी, वर पोचलं की पट्ट्या काढायच्या, टाच लॉक करायची आणि उतरायचं. आणि टेलेमार्कवाले अजूनही टाच मोकळीच ठेवून, एक गुडघा टेकवल्यासारखं वाकून वळतात, दिसायला फार देखणं, मांड्यांना महाग. चालता येत नसलेल्यांसाठी एका स्कीवर बसवलेली खुर्ची असते, हातात छोट्या स्की लावलेल्या कुबड्या, 1976 पासून हिवाळी पॅरालिंपिक चालू आहे आणि त्यातले बसून स्की करणारे आपल्यापेक्षा जोरात जातात.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं आखलेल्या उतारावरच काढा. पावडरमध्ये, म्हणजे आखलेल्या उताराबाहेरच्या भुसभुशीत बर्फात, किंवा टेंगळांवर जी फजिती होते तिचं मूळ निम्म्या वेळा तिथलं नसतंच, निळ्या उतारावर मागे रेलायची सवय मोडलेली नसते म्हणून ती होते.

दुपारी साडेतीननंतर पाय ऐकेनासे झाले की शेवटची एक फेरी मारू म्हणायचं नाही, लिफ्टनेच खाली या. रात्री बुटांचं अस्तर बाहेर काढून कोमट जागी वाळवा, हीटरला चिकटवून नको, आणि वाळलं की परत घालून बकल हलके लावून ठेवा, नाहीतर कवचाचा आकार पसरतो आणि सकाळी पाय घालताना नाकीनऊ येतात.